पाठ फिरवलेली रात्र

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. अख्ख्या इंडियानात आजवर कुणाला वाटलेलं नाही, आणि मी तर ते मर्लच्या सलूनमध्ये दर शनिवारी सांगतो.

डेल्विन प्रूट आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होता. चेंडू असा टाकायचा की जाळीलाही पत्ता लागत नसे. त्याची आई ओडेसा दूरच्या गावी एकटी, मूत्रपिंडं निकामी झालेली. तिच्या गावचं कॉलेज त्याला घ्यायला एका पायावर तयार होतं. पण त्या काळची रीत अशी, की कॉलेज बदललं की खेळाडूने वर्षभर नुसतं बसायचं. जुन्या कोचने राजीखुशीने सोडलं, तरच सूट मिळण्याची आशा. डेल्विनचं खेळायचं शेवटचं वर्ष उरलेलं. बसला की खेळ कायमचा संपला.

तो कोच स्ट्रोबेलकडे गेला.

"कोच, आई फार आजारी आहे. सोडा मला."

"अरेरे! बऱ्या व्हा म्हणावं. पण तुला सोडलं तर उद्या सगळ्या संघाच्या आया आजारी पडतील."

"तुम्ही नाही का मागच्या कॉलेजचा करार अर्ध्यावर टाकून आलात? तुम्हाला कुणी वर्षभर बसवलं नाही, आल्या दिवसापासून शिटी फुंकताय."

"मी कोच आहे, पोरा."

"आणि मी तिचा मुलगा आहे," असं म्हणून डेल्विनने जर्सी टेबलावर ठेवली नि बस पकडली.

हिवाळ्यात त्याचं नवं कॉलेज आमच्याकडे सामना खेळायला आलं. आता नीट ऐका! शिटी वाजली आणि सगळं गाव उठून मैदानाकडे पाठ करून उभं राहिलं. डेल्विनला खेळवत नाहीत तोवर एकही मान वळणार नाही! बँडवाले भिंतीकडे तोंड करून कर्णे फुंकत होते. बघायला कुणी नाही म्हणून चेंडू रुसला, उसळेचना! शेवटी स्ट्रोबेल हुंदके देत ओरडला, "दिली सूट, उतरवा त्याला!" डेल्विनने अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकला. तो कडीवर इतका गरगरला की पंचाला घेरी आली, आणि मग पडला आत! आमचाच संघ हरला, आणि आम्हीच त्याला खांद्यावर घेऊन...

"खोटं!"

लोरेटा होती. नवऱ्याची हजामत होईपर्यंत कोपऱ्यात विणत बसलेली.

"हार्लन, मी त्या रात्री दारात पॉपकॉर्न विकत होते. कुणाचीही पाठ फिरली नव्हती. पोरगा साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला खाली मान घालून बसला होता, आणि तुम्ही सगळे 'गद्दार, गद्दार' म्हणून बोंबलत होता. तू तर घसा बसला म्हणून माझ्याकडे पाणी प्यायला आला होतास."