जलव्याचा आरसा

आरशामागं रंग फासतात असं कुणी म्हणालं, की जुन्नरचा अमजद आरसेवाला भडकायचा. “फासायला ती काय भिंत हाय? चांदी बसवावी लागते राव!” मग समोरच्याची सुटका नसे. काच आधी खडूच्या भुकटीनं घासायची, मग कथलाच्या पाण्यानं धुवायची, नाहीतर चांदी तिला धरत नाही. सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे त्याचं ‘औषध’, पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया थेंब थेंब सोडायचा. पाणी आधी तपकिरी, गढूळ होतं, मग निवळतं. शेवटी त्यात ग्लुकोज घालून काचेवर ओतायचं. ग्लुकोजच्या संगतीनं चांदी औषधातून सुटते, काचेवर बसते आणि बघता बघता आपलं तोंड दिसायला लागतं. हे तो इतक्या मायेनं सांगायचा, की त्याच्या बायकोला, इशरतला, चांदीचा हेवा वाटायचा.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं, फरहाचं, लग्न कळंबच्या हमदानशी ठरलं. निकाहनंतर जलवा असतो. नवरानवरी शेजारी बसतात, डोक्यांवर एकच दुपट्टा, पुढ्यात आरसा. आणि दोघं एकमेकांना पहिल्यांदा बघतात ते त्या आरशातच. अर्ध्या तालुक्याला आरसे देणाऱ्याच्या लेकीनं दुसऱ्याच्या आरशात बघायचं? अमजदला ते मरणाहून वाईट. त्यानं चांगली हातभर काच निवडून ठेवली होती. पण लग्नघरात बापाला फुरसत कुठली? काम राहिलं ते निकाहच्या आदल्या दिवसावर.

इशरतची मैत्रीण बयाबाई बोरी बुद्रुकहून आधीच राबायला आली होती, आणि येताना जीपमध्ये घरच्या विहिरीच्या पाण्याचे हंडे घेऊन आली होती. जुन्नरच्या नळाचा चहा तिला घशाखाली उतरत नसे. झाडलोट करताना तिला अमजदच्या कामाच्या कोपऱ्यात एक पाण्याचा कॅन तळाला गेलेला दिसला. तिनं तो मायेनं काठोकाठ भरून टाकला.

एरवी अमजद चिमूटभर औषध टाकून पाणी पारखायचा. त्या दिवशी घाईत त्यानं बाटली सरळ उपडी केली. पाणी दुधासारखं पांढरंफटक झालं. त्यानं वळून कॅनकडं बघितलं.

“पानी म्याच भरलं बरं का!” बयाबाई कणकेच्या हातांनी दारात उभी होती. “आमच्या हिरीचं. लई गोड. मिठाचा कण न्हाई त्यात.”

कॅनमध्ये बॅटरीच्या दुकानातलं शुद्ध पाणी असायचं. जमिनीतल्या पाण्यात मीठ असतंच. जिभेला कळलं नाही तरी चांदीला कळतं, आणि चांदी नासते. अमजद एरवी पेठ दणाणून सोडणारा माणूस. त्यानं तोंड उघडलं, बयाबाईचे ते कणकेचे हात बघितले आणि राग गिळला.

“औषध शिळं निघालं, बयाबाई.”

पुण्याहून नवं औषध यायला वेळ नव्हता. बाटलीच्या तळाशी थोडा थर चिकटून राहिला होता. त्यानं स्टँडजवळून बॅटरीचं पाणी आणलं, तेवढाच थर विरघळवला आणि तेवढ्यापुरती काच कापली. आरसा निघाला स्वच्छ, बिनडागी. पण हाताच्या पंजाएवढा. त्याच्याकडं बघून अमजदला चोरट्यासारखं झालं. पाव्हण्यांना काय तोंड दाखवायचं?

जलव्याला बायका खुसखुसल्या. हमदानला आरशात स्वतःचा कान दिसत होता, फरहाला स्वतःची नथ. ती सकाळपासून रडून रडून सुजली होती. हमदान जरा सरकला. ती जरा वाकली. तो आणखी वाकला आणि दोघांची डोकी टणकन आपटली. फरहा खळाळून हसली. मग डोक्याला डोकं लावूनच बसावं लागलं, तेव्हा कुठं त्या पंजाभर चांदीत दोन हसरी तोंडं मावली.

दारात उभ्या अमजदचे डोळे भरून आले. बयाबाई हळूच त्याच्याजवळ आली.

“अमजदभाऊ, औषध शिळं नव्हतं. माज्या पान्यानं नासलं ना?”

“कोण म्हनतं?”

“एवढं नुकसान झालं आन् तुमी वरडला न्हाई. तवाच वळखलं म्या.”

अमजदनं आतल्या दोन डोक्यांकडं पुन्हा एकदा बघून घेतलं.

“मोठा आरसा झाला असता बयाबाई,” तो म्हणाला, “तर माजी पोर रडतच सासरी गेली असती.”