सात मेडिकलांची बाई

सोमवारी सकाळी बसस्टँडसमोरचं ओम मेडिकल जागचं हललं आणि अच्युत निरगुडकरांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. अख्खं दुकान आलं होतं. काचेचं काउंटर, वजनकाटा, गोळ्यांचे खण, पायरीवर झोपणारं पिवळं कुत्रं. कुत्रं तेवढं दमलेलं दिसत होतं.

निरगुडकर दूध घेऊन परतत होते. मालक दिनकरशेठ पायरी झाडत होते.

"बरं झालं ना काका, तुमची रिक्षा वाचली," दिनकरशेठ म्हणाले. "माझी गिऱ्हाइकं मात्र स्टँडवर मला शोधत हिंडतायत."

"किती दिवस असाल इथे?"

"दुकानाला विचारा. मला कुठे विचारून निघालंय ते! काकू कशा आहेत?"

"आहे तशीच," निरगुडकर म्हणाले आणि मान खाली घालून घराकडे वळले.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई, दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

निरगुडकर चौतीस वर्षं नगरवाचनालयात ग्रंथपाल होते. फाटकं पान दिसलं की त्यांचा हात आपोआप खळीकडे जायचा. बायकोच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी दुखणं थांबवणाऱ्या पांढऱ्या गोळीची चिठ्ठी दिली होती. ती घड्यांवर विरू लागली, तेव्हा त्यांनी ती झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणली. मनात काळंबेरं काही नव्हतं. बायको गेली, अकरा गोळ्या उरल्या. एका दुपारी गुडघा फार ठणकला म्हणून त्यांनी एक घेतली. गुडघा थांबला, आणि गुडघ्याबरोबर ती दुपारही थांबली.

अकरा संपल्यावर ते चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. अशी गोळी दिली की दुकानदार चिठ्ठीवर तारखेचा जांभळा शिक्का मारतो, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा कुणी देऊ नये. पण प्लास्टिकवर शाई वाळत नाही. कोपऱ्यावर येईपर्यंत निरगुडकरांचा अंगठा शिक्क्यावरून फिरला आणि चिठ्ठी कोरी झाली. पहिल्यांदा तो चुकून फिरला. पुढे ते खिशात ओला रुमाल ठेवू लागले. शहराच्या सात टोकांची सात मेडिकल, पाळीपाळीने. रुमाल ते स्वतःच धूत, मुलीच्या नजरेला पडू नये म्हणून.

मुलगी मृणाल औषध खात्याच्या कचेरीत होती. शहरातल्या सगळ्या मेडिकलची रोजची विक्री तिच्या कॉम्प्युटरवर येई आणि त्यावर तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. एकाच माणसाला तीच ती गोळी देणारी दुकानं त्या प्रोग्रॅमच्या नकाशावर एकमेकांकडे आणि त्या माणसाकडे ओढली जात. नकाशावर ओढली गेली की ती रस्त्यावरही सरकत. त्याला इलाज नव्हता. नकाशा बरोबर होता.

"बाबा, एक बाई सापडली आहे," त्या दिवशी जेवताना ती म्हणाली. "अडुसष्ट वर्षांची. बारा दिवसांत सात मेडिकल."

निरगुडकरांनी कालवलेला भात पुन्हा कालवला.

"नाव?"

"नाव झाकलेलं असतं. उघडायची परवानगी शुक्रवारी येईल."

"मग पकडणार तिला?"

"मी काय पोलीस आहे? घरी जायचं, शेजारी बसायचं, विचारायचं, बाई गं, कुठे दुखतंय तुला? डॉक्टरकडे न्यायचं. एवढ्या गोळ्या घेऊन एक दिवस झोपेतून उठायचीच नाही ती." तिने ताक ओतून घेतलं. "आई गेली तेव्हा तेवढीच होती."

तेव्हाच सांगायला हवं होतं. निरगुडकरांनी पुस्तकांत असे प्रसंग शेकड्याने वाचले होते. पुस्तकातली माणसं अशा वेळी ताटावरचा हात मागे घेत आणि बोलत. निरगुडकरांनी लोणचं मागितलं.

मंगळवारी दोन मेडिकल गल्लीत शिरली. बुधवारी आणखी तीन आली आणि त्यांनी शिंप्याचं दुकान हळूच कडेला सरकवलं. संध्याकाळी मृणाल चपला न काढताच आत आली.

"बाबा, ती आपल्याच गल्लीत आहे! चला माझ्याबरोबर. तुम्हाला सगळे ओळखतात, दार उघडतील."

म्हणून आपल्यालाच शोधायला निरगुडकर मुलीबरोबर घरोघर हिंडले. दार वाजवायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

"दुखणारी बाई?" शेजारच्या ढमढेरे वहिनी म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंना घेऊन जा की. डोक्यापासून नखापर्यंत सगळं दुखतं. पण बामाशिवाय काही घेत नाहीत आणि शिव्यांशिवाय काही देत नाहीत."

"ऐकतेय मी!" आतून आवाज आला.

"बघा, कान तेवढे धड आहेत."

मृणाल हसली. निरगुडकरही हसले, आणि स्वतःच्या हसण्याची त्यांना शिसारी आली.

"कुमुदताई हव्या होत्या," दार लोटता लोटता वहिनी म्हणाल्या. "त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं असतं कोण ते."

गुरुवारी निरगुडकरांनी गोळी घेतली नाही. दिवसभर अंगाला घाम सुटत होता. दुकानं थांबली नाहीत. ती झालेल्या गोष्टींवर चालत होती, न घेतलेल्या गोळीची त्यांच्याकडे नोंद नव्हती. चार दिवस बहिणीकडे जाऊन यावं म्हणून त्यांनी पिशवी भरली आणि दार उघडलं. उंबऱ्याला काउंटर लागलेलं होतं.

"बोला काका," पलीकडून एक दुकानदार म्हणाला.

"काही नाही," निरगुडकर म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

शुक्रवारी सातही मेडिकल बैठकीच्या खोलीत होती. भिंतींना तडा गेला नव्हता. काउंटरला काउंटर भिडून त्यांचं एक कडं झालं होतं आणि कड्याच्या आत, खुर्ची मावेल एवढ्या जागेत, निरगुडकर बसले होते. सातही मालक आपापल्या जागी उभे होते. चहा झाला का, असं एकमेकांना विचारत होते.

मृणालने लॅपटॉप बाहेरून एका काउंटरवर ठेवला.

"परवानगी आली. उघडते."

"मृणाल, उघडू नकोस."

"का?"

"आईचं नाव निघेल."

ती काचेवरून पुढे वाकली.

"आई गोळ्या आणायला जाते?" तिने विचारलं. तिच्या आवाजात आनंदासारखं काहीतरी होतं. ते ऐकून निरगुडकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही गं. मी जातो. तिच्या चिठ्ठीवर, तिच्या नावाने. शिक्का पुसतो आणि पुढच्या दुकानात जातो."

एका मालकाने खण उगाच उघडून बंद केला. दिनकरशेठ फडक्याने काच पुसू लागले. ती स्वच्छच होती.

"किती दिवस?" मृणालने विचारलं.

"दीड वर्ष."

"मी घरात असताना?"

"तू घरात असताना."

तिने लॅपटॉप मिटला. आता ती ओरडेल, असं निरगुडकरांना वाटलं. तिने ओरडावं, असंही वाटलं. पण ती कड्याभोवती सावकाश एक फेरी मारून आली. प्रत्येक जोड तिने बोटाने चाचपला.

"बाहेर या बाबा."

"कुठून येऊ?"

तिने दिनकरशेठांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, ओढणी कमरेला खोचली आणि काउंटरवर चढली. काच कुरकुरली. ती आत उतरू लागली तसे निरगुडकर उठून उभे राहिले. खुर्ची घडीची होती. मृणालने वरूनच वाकून ती मिटली आणि काउंटरच्या पलीकडे दिली. कुणीतरी ती घेतली.

खुर्ची गेल्याबरोबर काउंटरं वीतभर आत सरकली. खाली आता एकाच माणसाच्या पावलांपुरती फरशी उरली होती, आणि तिच्यावर निरगुडकरांची पावलं होती.

"दुखतंय कुठे?" मृणालने विचारलं.

निरगुडकरांना आठवेना.

तेव्हा बेचाळीस वर्षांची मृणाल वडिलांचे खांदे धरून लहानपणीसारखी त्यांच्या पावलांवर उतरली, आधी डावा पाय, मग उजवा, आणि तिचं सगळं वजन त्यांच्या गुडघ्यांत उतरलं. मागून काउंटरची काच निरगुडकरांच्या पाठीला टेकली.