हिरवं पान

ग्रंथालयात सकाळपासून इंटरनेट बंद होतं. पण ग्रंथपालबाईंनी कालच ग्रंथालयाच्या सर्व्हरवर बसवलेलं नेटवर्क तपासणीचं पान सगळं हिरवंगार दाखवत होतं. त्यांनी सेटिंग्जमधले किती वेळाने, किती वेळा तपासायचं याचे आकडे बदलून पाहिले. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी त्यांनी नणंदेला फोन लावला. एका कंपनीचं नेटवर्क सांभाळणं हेच तिचं रोजचं काम होतं.

“वहिनी, तपासायचा पत्ता कुठला दिलाय?”

“आपल्याच सर्व्हरचा.”

“अहो, मग तो स्वतःलाच विचारतोय, बरा आहेस का म्हणून! बाहेरच्या एखाद्या वेबसाइटचा पत्ता द्या.”

बाईंनी तो घातला. पान लालभडक झालं आणि त्यांना चक्क हायसं वाटलं.

“सापडलं! नेट बंद आहे,” त्या समोर ताटकळलेल्या आजोबांना म्हणाल्या.

“ते दिसतंच आहे हो. पण का बंद आहे?”

बाईंनी पुन्हा नणंदेला फोन लावला.