हॅलोरन पॉइंटचा देवमासा

छापील शब्द ही माणसाने माणसाला दिलेली सर्वांत पवित्र वस्तू आहे आणि तिच्यात असत्याचा एक कण मिसळणं म्हणजे येणाऱ्या पिढ्यांच्या पाण्यात विष कालवणं आहे, असं क्लाइव्ह पेटिग्रूने प्रगती मंडळाच्या बैठकीत उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. त्या वेळी त्याच्या हातात ‘हॅलोरन पॉइंट : पाहण्या-करण्याजोग्या अकरा गोष्टी’ या पत्रकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं होती, आणि त्यातली अकरावी गोष्ट ठार खोटी होती.

ती त्यानेच बनवली होती. बावीस वर्षांपूर्वी तो इथला पोस्टमास्तर होता आणि वस्तीतला एकमेव माणूस होता ज्याचं अक्षर इतरांना लागायचं, म्हणून पत्रक लिहायचं काम त्याच्याकडे आलं. दहा गोष्टी त्याने इमानेइतबारे लिहिल्या. सकाळी दहाला धक्क्यावर पेलिकन पक्ष्यांना मासे घालतात ते बघा. खारफुटीतून फळ्यांची वाट आहे, ती चाला. ओहोटीला चिखलात निळे खेकडे पलटणीसारखे कूच करतात. संध्याकाळी मोठ्या वडावरून वटवाघळं उठतात, तेव्हा छत्री जवळ असू द्या. असं सगळं. मग छापखान्यातून फोन आला की शेवटच्या पानावर चार ओळींची जागा रिकामी राहते आणि ती दात पडल्यासारखी दिसते.

क्लाइव्हने खिडकीबाहेर पाहिलं. समोर खाडी, खाडीत चिखल आणि चिखलात एक काळं, गोल, चकाकतं पाठाड. ती त्याच्या मेहुण्याची उलटी झालेली पत्र्याची होडी होती. हे क्लाइव्हला पक्कं ठाऊक होतं, कारण ती ज्या दोरीने बांधली होती आणि जी तुटली, ती दोरी त्याचीच. तरी त्याने लिहिलं : ‘अकरा. जून ते ऑगस्ट या काळात टेकाडावरच्या बाकावरून देवमासे दिसतात.’ आधी त्यात ‘नशीब असेल तर’ असंही होतं. पण मग पाच ओळी होत होत्या.

क्वीन्सलंडच्या किनाऱ्याने हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जून-ऑगस्टात, देवमासे जातात हे खरं, हजारोंनी जातात. पण ते जातात समोरच्या मोठ्या बेटाच्या पलीकडून, महासागराच्या बाजूने. अलीकडच्या या खाडीत ओहोटीला बगळ्याचे गुडघे भिजायचे वांधे.

पत्रक निघाल्यावर मंडळाने टेकाडावर बाकाशेजारी एक वही साखळीने बांधून ठेवली. देवमासा दिसला की तारीख आणि नाव लिहायचं. वही कोरीच राहील, मग अकरावी गोष्ट गुपचूप गाळू, असा क्लाइव्हचा बेत होता. तीन आठवड्यांनी तो वर गेला तेव्हा पहिल्या पानावर तळलेल्या माशांच्या दुकानवाल्या स्टॅव्ह कोकिनोसचं अक्षर होतं : ‘मोठा. काळा. शेपटी हलवली.’ क्लाइव्हच्या अंगावर काटा आला. पुढे पाद्रीबाबांनी लिहिलं. मग बाकीच्यांना दिसायलाच लागला, कारण पाद्रीबाबांना दिसतो आणि आपल्याला दिसत नाही, हे चारचौघांत कोण सांगणार? बावीस वर्षांत तीनशे चौदा नोंदी झाल्या. एवढी सज्जन माणसं खोटं कशाला लिहितील, असं म्हणता म्हणता क्लाइव्हचाही विश्वास बसत चालला होता. फक्त सकाळी दाढी करताना, आरशासमोर, तो तेवढ्यापुरता उडायचा.

बैठकीनंतरच्या गुरुवारी तो सहज टेकाडावर गेला. बाकावर नोलीन हॅफनर बसली होती. एकोणऐंशी वर्षांची बाई. उभं आयुष्य आतल्या रखरखीत मुलखात टपालाची गाडी चालवण्यात गेलेलं. नवरा गेल्यावर तिच्या हाती कुठूनतरी क्लाइव्हचं पत्रक पडलं, अकरावी गोष्ट वाचून तिने तिकडचं घर विकलं आणि ती इथे राहायला आली. तेव्हापासून दर हिवाळ्यात रोज सकाळी सातला बाकावर. मंगळवारी आणि शुक्रवारी ती गाडीतून म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण द्यायची. त्यांतली बरीच म्हातारी माणसं तिच्याहून लहान होती.

“दिसला का आज?” क्लाइव्हने विचारलं. या बाकावर लोक रामराम म्हणावं तसं हे विचारत. विचारून झाल्यावर त्याने जीभ चावली.

“नाही रे बाबा. सहावा हिवाळा हा. बस, तुला सांगायचंच होतं. सोमवारी मी लायसन्स परत करतेय.”

“कसलं?”

“गाडीचं, दुसरं कसलं? माझी लेक कॅरिन शनिवारी येतेय मला न्यायला. तिच्या गॅरेजवर एक खोली आहे. लेक म्हणते छान आहे. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. म्हणजे दिसेल, अशी आशा.”

“पण का? तू तर माझ्यापेक्षा बरी चालवतेस.”

“तुझ्यापेक्षा पेलिकन बरा चालवेल.” ती हसली आणि लगेच थांबली. “क्लाइव्ह, मी डोळे तपासून घेतले. दोनदा. तो फाम आहे ना, चष्म्याच्या दुकानातला? म्हणाला, ठणठणीत आहेत. मी शेवटची ओळ तर वाचलीच, तक्त्याच्या खाली छापखान्याचा पत्ता होता तोही वाचून दाखवला.”

“मग झालं तर!”

“काय झालं? इथे येऊन वही उघडली. गेल्या ऑगस्टात त्याच फामने लिहिलंय, ‘दोन मोठे, एक पिल्लू.’ अरे, त्याचा स्वतःचा चष्मा बरणीच्या बुडासारखा! त्याला तीन दिसतात आणि मला एक नाही. म्हणजे डोळे शाबूत आहेत, बिघाड त्यांच्या मागे आहे.” तिने डोक्याला मागच्या बाजूने बोट लावलं. “आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू दिसेनाशा झाल्या, मग आम्ही.”

क्लाइव्हने बाकाशेजारची वही मिटून टाकली.

“चाळीस वर्षं गाडी चालवली, एक कांगारू मेला नाही माझ्याखाली,” नोलीन म्हणाली. “पण उद्या एखादं पोर आडवं आलं तर? घराएवढा देवमासा समोर असून दिसत नाही, पोर काय दिसणार मला?”

आता. आत्ताच. दोन वाक्यांचं काम होतं. क्लाइव्हने तोंड उघडलं. पोस्टाच्या नोकरीत त्याने एक पत्र गहाळ होऊ दिलं नव्हतं, त्या आयुष्यभराच्या सचोटीचं बळ एकवटून तो म्हणाला, “आज धुकं आहे ना.”

खाडीवर लख्ख ऊन होतं. बेटावरचं एकेक झाड मोजता आलं असतं. नोलीनने समोर पाहिलं, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“बघ,” ती हळूच म्हणाली, “धुकंही दिसत नाही मला.”

टेकाड उतरताना क्लाइव्हचे कान असे तापले होते की समोरून आलेल्या पाद्रीबाबांनी टोपी घाल म्हणून सांगितलं, आपल्याकडचं ऊन हिवाळ्यातही भाजतं. भर रस्त्यात धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण हॅलोरन पॉइंटला धरणी दुभंगली तरी खाली चिखलच होता, आणि तोही गुडघ्यापर्यंत.

घरी बायको, ग्लेनिस, भोपळ्याचे छोटे गोल पाव, स्कोन, भट्टीतून काढत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

“मग सांगायचं ना तिला,” ग्लेनिस म्हणाली.

“जीभच रेटेना.”

“बैठकीत बरी रेटते. येणाऱ्या पिढ्यांचं पाणी काय, विष काय.”

“ग्लेनिस, वहीत तुझंही नाव आहे. चौदा ऑगस्ट, ‘पाण्याचं कारंजं उडवलं.’ तू खरंच पाहिलंस?”

तिने स्कोनवर फडकं टाकलं. “मी पाहिलं की माझ्या नवऱ्याने छापून दिलेली गोष्ट एका स्टॅव्हशिवाय कुणालाच दिसली नाहीये आणि लोक हसायच्या बेतात आहेत. मग मी वर गेले आणि लिहून आले. नवऱ्याची लाज राखली, दुसरं काय?”

राखलेली लाज ती हीच. इतकी वर्षं व्याजासकट वाढत गेलेली, आता एका म्हातारीच्या डोक्याला चिकटलेली. क्लाइव्हने स्कोन खाल्ला नाही. हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं आणि ग्लेनिसने ते नोंदून ठेवलं.

शनिवारी सकाळी धक्क्याजवळच्या गवतावर मंडळाचा नव्या पत्रकाचा सोहळा होता. सोहळा म्हणजे मोठ्या तव्यावर सॉसेज, तेवढेच परतलेले कांदे, पांढऱ्या पावाची चवड आणि त्यांच्या अगदी पुढ्यात एक ध्वनिक्षेपक. तव्यापाशी स्टॅव्ह होता. अख्खी वस्ती रांगेत होती. नोलीन कडेला घडीच्या खुर्चीवर बसली होती, तिच्यामागे लेक कॅरिन आणि तिची गाडी. मागच्या सीटवर खोकी रचलेली, वर उशा. बाईंनी जाण्याआधी एक सॉसेज खाऊन जायचं ठरवलं होतं.

क्लाइव्हच्या खिशात भाषण होतं. शुक्रवारचा अख्खा दिवस घालवून त्याने असा मजकूर तयार केला होता की कबुलीही होईल आणि दोष बहुतांशी छापखान्याकडे जाईल. त्यात ‘तत्कालीन परिस्थिती’ हे शब्द चारदा होते. तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला, कागद उघडला आणि त्याची नजर गाडीतल्या उशांवर गेली. त्याने कागद घडी करून परत ठेवला.

“अकरावी गोष्ट खोटी आहे,” तो म्हणाला. “चार ओळी रिकाम्या होत्या म्हणून मी ती बनवली. मला दिसली ती माझ्या मेहुण्याची उलटी होडी होती. इथून देवमासा कधीच दिसला नाही. कुणालाच.”

‘कुणालाच’ हा शब्द ध्वनिक्षेपकातून जरा जास्तच घुमला.

तीनशे चौदा नोंदींमागची माणसं आपापल्या सपातांकडे बघू लागली. स्टॅव्हने आधीच काळे झालेले सॉसेज पुन्हा उलटले. पाद्रीबाबांना दूर क्षितिजावर काहीतरी दिसलं, ते काय हे मात्र त्यांनी या वेळी सांगितलं नाही. फामने चष्मा काढला आणि तो शर्टाने पुसू लागला. बराच वेळ पुसला. पुसेपर्यंत त्याला काही दिसणार नव्हतं, आणि तेच त्याला हवं होतं. कुणी एक शिवी हासडली असती तर क्लाइव्हला बरं वाटलं असतं. कुणाच्याच तोंडून ती निघेना, कारण प्रत्येकाच्या नावापुढे तारीख होती.

नोलीन खुर्चीतून उठली. ती सावकाश चालत त्याच्यापुढे आली.

“मग सहा वर्षं मला काय दिसत होतं?”

“चिखल,” क्लाइव्ह म्हणाला. ध्वनिक्षेपक चालूच होता.

“अजून?”

“खारफुटी. बगळे. भरती असली तर पाणी.”

“ते सगळं दिसत होतं मला.”

“हो. तू बरोबर पाहत होतीस. अख्ख्या वस्तीत तू एकटीच.”

कॅरिनने तोंडावर हात ठेवला. नोलीनने मान हलवली, जणू एखाद्या पाकिटावरचा पत्ता नीट लागला. मग तिला काहीतरी आठवलं.

“आणि गुरुवारी? धुकं होतं का?”

क्लाइव्हने बावीस वर्षांच्या खोट्याची लाज सोसायची तयारी केली होती. गुरुवारच्या धुक्याची केली नव्हती. पहिलं खोटं चार ओळींसाठी होतं, तरुणपणाच्या जवळपासचं होतं. हे दुसरं एका घाबरलेल्या बाईच्या तोंडावर, भर उन्हात, केवळ स्वतःचं एक अवघड मिनिट वाचवण्यासाठी होतं. ते कुणाला ठाऊकही नव्हतं. ग्लेनिसला सांगतानाही त्याने ते नेमकं गाळलं होतं.

“नव्हतं,” तो म्हणाला. त्याची मान अशी खाली गेली की आवाज ध्वनिक्षेपकाला सापडला नाही. तो त्याला पुन्हा सांगावा लागला. “नव्हतं धुकं. ऊन होतं.”

“सहा हिवाळे, क्लाइव्ह,” नोलीन म्हणाली. ती वळली आणि गाडीकडे गेली. तिने लेकीला हाताने खूण केली आणि कॅरिन निमूटपणे खोकी उतरवू लागली. आधी उशा, मग दिवा, मग ते लायसन्सच्या कागदांचं पाकीट, जे नोलीनने तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या पिशवीत खोचलं. मदतीला कुणी पुढे झालं नाही. मदत करायलाही तोंड लागतं. रांग मुकाट पुढे सरकू लागली. लोक सॉसेज घेत होते, पण नेहमीसारखं कुणी जास्त सॉस मागत नव्हतं.

क्लाइव्ह तिथेच उभा राहिला. जावं कुठे हे त्याला कळेना. ग्लेनिसने लांबून पाहिलं, पण ती आली नाही. हे त्याचं त्यानेच उभं राहून संपवायचं होतं, हे तिला कळत होतं. बऱ्याच वेळाने त्याला समोर दोन पाय दिसले. जाडजूड मोजे, जुने बूट. नोलीन परत आली होती. हातात कागदी रुमाल, त्यावर पावाची स्लाइस, स्लाइसवर एकुलता एक सॉसेज.

आता ती बोलणार. जे काही बोलेल ते आपण ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही, ते आपलं देणं आहे, असं त्याने मनाशी ठरवलं. त्याने टोपी काढली. आजूबाजूचं चावणं थांबलं. स्टॅव्हचा चिमटा हवेतच राहिला. नोलीनने क्लाइव्हकडे, मग त्याच्या खांद्यापलीकडे नीट रोखून पाहिलं.

“क्लाइव्ह,” ती म्हणाली, “तू कांद्यांच्या समोर उभा आहेस. जरा सरकतोस का?”