वैजनाथच्या केसांचा आळ

मी प्रोटीन पावडरचा डबा आहे. काळा, रुंद तोंडाचा, दोन किलोचा. अंगावर फुगलेल्या दंडाच्या माणसाचं चित्र आहे, पण घासून घासून त्याचा एक हात आता निघून गेलाय. देवळाली प्रवरेत भामाबाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीखालच्या फळीवर मी बसतो. सध्या माझ्या पोटात हुलगे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी माझ्यावर एक आळ आला होता, आणि त्यापायी एका मेहनती पोराचं वर्ष वाया गेलं. तेवढं सांगायचंय.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. यंत्रानं ओळीत उभं केलं, दुधापासून केलेली भुकटी भरली आणि झाकण आवळलं. पुढे श्रीरामपूरच्या एका दुकानात मी काचेआड तीन महिने काढले. येणारी पोरं आधी माझ्यावरचं चित्र बघायची, मग हळूच स्वतःचा दंड चाचपायची.

वैजनाथनं चित्राकडे पाहिलंच नाही. मला उलटा धरून तो मागची बारीक अक्षरं वाचत राहिला. वय तेवीस. सकाळी दूध संकलन केंद्रावर काम आणि उरलेला दिवस पोलीस भरतीची तयारी. मी त्याच्याबरोबर घरी आलो.

घरात माणसं दोनच, तो आणि त्याची आई. वडील सहादू कावीळ होऊन गेले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. नंतर भामाबाई पाथर्डीकडचं सासर सोडून लेकराला घेऊन इकडे भावाच्या, गहिनीनाथच्या आधारानं राहिल्या. सासरचं जाणं-येणं तुटलं. भिंतीवर सहादूंचा मोठा फोटो तेवढा होता. भरगच्च केसांचा, मागे फिरवलेला भांग. वैजनाथ कधी कधी त्या फोटोखाली उभा राहून तसाच भांग पाडून बघायचा.

पहिले सहा महिने आमचं छान चाललं. तो पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायचा, संध्याकाळी जिममध्ये जायचा, आल्यावर माझ्यातला एक चमचा दुधात घालून प्यायचा. छाती भरली, दम वाढला. गहिनीनाथमामा गल्लीत सांगत सुटले की औंदा भाचा वर्दी घालणार.

मग एके दिवशी टॉवेलवर केस दिसले. दुसऱ्या दिवशी उशीवर. महिन्याभरात कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकले. वैजनाथ आरशापुढे तासन्‌तास उभा राहायला लागला. मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं की व्यायामानं अंगातलं पुरुषी संप्रेरक वाढतं आणि तेच केस खातं. दुसरा सांगत होता, सगळा दोष पावडरीचा. घराण्यात तर सगळ्यांचे केस दाट. मामा पन्नाशीचे, तरी डोईवर जंगल. मग दोष कुणाचा? भामाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या काळ्या डब्यानंच घात केला," त्या म्हणाल्या.

माझी पाव हिस्सा पावडर उरली होती. मला खाटेखाली ढकलण्यात आलं. पुढच्या आठवड्यात त्यानं जिम सोडली, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पळणंही. डोक्यावर टोपी आली ती घरातही उतरेना. मामेबहिणीच्या लग्नाला तो गेला नाही. मी खाटेखालून त्याचे पाय बघायचो. पूर्वी पहाटे धडाधड बाहेर पडणारे ते पाय आता उन्हं वर आली तरी खाटेवरून खाली येत नसत.

असे चार महिने गेले. केस मात्र गळतच होते. त्याचा अर्थ काय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात भरतीची तारीख लागली. वैजनाथ घाबरा झाला. जिममधला त्याचा जोडीदार छगन दुपारी घरी आला, भामाबाई तेव्हा शेजारी गेल्या होत्या. छगन म्हणाला, पावडरीचा नाद सोड, ही स्टेरॉइडची इंजेक्शनं घे, महिन्यात गेलेली ताकद परत येईल, सगळेच घेतात. त्यानं दोन बारक्या बाटल्या दिल्या. वैजनाथ त्या हातात धरून बराच वेळ बसून राहिला. मग मला खाटेखालून ओढलं, झाकण उघडलं आणि बाटल्या पावडरीत खुपसल्या. माझ्या पोटात इतकं जड कधी काही पडलं नव्हतं.

त्यानं त्या टोचून घेतल्या नाहीत. रोज झाकण उघडायचा, बघायचा आणि पुन्हा लावायचा. असे पाच दिवस.

सहाव्या दिवशी भामाबाईंनी नगरला कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. निघताना त्यांनी मलाही पिशवीत घातलं. डॉक्टरणीला दाखवायचं होतं, पोरानं काय खाल्लं ते. वैजनाथ नको नको म्हणाला, पण त्यांनी ऐकलं नाही. एसटीत मी त्याच्या मांडीवर होतो. राहुरी गेली, विळद गेलं, तरी झाकणावरचा त्याचा हात हलला नाही.

डॉक्टर सविताबाई मध्यम वयाच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी केस तपासले, सोबत आणलेले रक्ततपासणीचे कागद पाहिले, मग माझ्या अंगावरचं सगळं वाचलं आणि झाकण उघडलं. बाटल्या वरच दिसल्या.

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, घेतलंस का? वैजनाथनं मान हलवली. नाही.

"मग वाचलास," त्या म्हणाल्या. "ज्याचे केस जायचेच आहेत त्याचे ह्यानं लवकर जातात. आणि हे केसांवर थांबत नाही, काळजापर्यंत जातं."

आणि ही पावडर, भामाबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी समजावलं की पावडरीनं टक्कल पडतं याला भक्कम पुरावा नाही. पळण्यानं, वजनं उचलण्यानं तर पडतच नाही. चार महिने दोन्ही बंद होतं, तरी गळणं थांबलं का? मग त्यांनी विचारलं, घरात कुणाचे केस लवकर गेले होते? वडील, आजोबा, मामा?

कुणाचेच नाहीत, वैजनाथ चटकन म्हणाला. वडिलांचे तर शेवटपर्यंत दाट होते, घरी फोटो आहे.

भामाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग बोलल्या.

"त्यांचं केस गेल्ते. सत्ताविसाव्या वर्षीच. गाव त्यांना टकल्या म्हनायचं, पोरंटोरं सुदिक. लई लागायचं त्यांना, पर बोलायचे न्हाईत. गेल्यावर मी फोटोवाल्याला सांगितलं, लग्नात हुते तसे केस फोटोत घाल. मेल्यावर तरी कुनी हसू नये."

वैजनाथ आईकडे वळला. "मला का न्हाई सांगितलं?"

"तूबी हसशील, असं वाटलं."

तो तिथेच, डॉक्टरांसमोर, लहान मुलासारखा रडला. केसांसाठी नव्हे, हे मला कळत होतं. भामाबाईंनी त्याची टोपी काढली आणि डोक्यावर हात ठेवला. टोपी आल्यापासून त्या डोक्याला त्यांनीही हात लावला नव्हता.

डॉक्टरांनी बाटल्या ठेवून घेतल्या. लावायचं औषध लिहून दिलं. गळती मंदावेल, पण गेलेलं सगळं परत येईल असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

पुढचं सगळं गोड नाही. भरतीला तीन आठवडे उरले होते. वैजनाथ पळाला, पण चार महिन्यांची कसर तेवढ्यात कशी भरून निघणार? सोळाशे मीटरमध्ये मागे पडला आणि यादीत नाव लागलं नाही. मामा दोन दिवस जेवले नाहीत. तो मात्र तिसऱ्या दिवशी पहाटे बूट बांधून कालव्यावर गेला. माझी उरलेली पावडर त्यानं संपवली, मला घासून धुतलं आणि आईकडे दिलं. यंदा त्यानं मैदान पार केलंय. लेखी परीक्षा अजून व्हायचीय.

मी साधा डबा. माझ्यात ताकद असते असं म्हणणाऱ्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि केस गेले तेव्हा लाथ मारली. दोन्ही वेळा मला कुणी काही विचारलं नाही. माझी विनंती एवढीच, की दोष द्यायच्या आधी घरातल्या माणसांना विचारा. आणि माझ्या नावाखाली कुणी दुसरं काही पाजायला, टोचायला आलं, तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा.

गेल्या महिन्यात वैजनाथ आईला घेऊन वडिलांच्या गावी जाऊन आला. एकवीस-बावीस वर्षांनी. हुलगे निवडताना भामाबाई शेजारणीला सांगत होत्या, म्हणून मला कळलं. गावात शिरल्यावर तो टोपी काढून नळावर तोंड धुवायला वाकला होता. पारावर आप्पासाहेब नावाचे म्हातारे बसले होते. वैजनाथला त्यांनी तो चार वर्षांचा असल्यापासून पाहिलं नव्हतं. ते काठी टेकत उठले, जवळ आले, त्याच्या कपाळाकडे बघत राहिले.

"सहादूचा का रं तू?"

भामाबाई मधे पडायला पुढे झाल्या. पण वैजनाथनं ओल्या हातानं डोकं पुसलं, म्हाताऱ्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "व्हय आबा. त्यांचाच हाय मी."