तारेवरचा मधला कागद

मी एक जुनी तार आहे. वीज वाहणारी नव्हे, मित्रांनो. बिले आणि पावत्या टोचून ठेवायची. बादलीच्या कडीतून उरलेला तुकडा एका कारागिराने वाकवला, वरच्या टोकाला अणकुचीदार आकडा केला, पायाशी लाकडी चकती बसवली आणि माझा जन्म झाला.

कपडे शिवणाऱ्या मावशींनी मला मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवले. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. घरात आलेला कागद त्या नीट वाचत आणि खच्चकन माझ्यात ओवत. जुना तळाशी, नवा वर. "माझी तार खोटं बोलत नाही," असे त्या गिऱ्हाइकांना ठणकावून सांगत, तेव्हा मी उगाचच ताठ होई.

पुढे घरात मोबाइल आला आणि माझा भाव उतरला. अंगावर गंज चढला. सून म्हणाली, "आई, भिंतीला डाग पडलाय हिचा. टाकून देऊ या का?"

"पडू दे गं. भिंतीला कुठं लग्नाला जायचंय?" मावशी म्हणाल्या. मी वाचले.

मावशींची थोरली बहीण, ताई, दूरच्या गावी लेकाकडे असते. वयामुळे तिच्या डोक्यातून सारे निसटले, नातवंडांची नावेसुद्धा. राहिला तो फक्त मावशींचा फोन नंबर. रोज चारच्या ठोक्याला ती फोन करते, "काय गं, शाळेतून आलीस का?" आणि सत्तरीच्या मावशी सांगतात, "आले गं ताई. हातपायसुद्धा धुतले."

एकदा फोन कंपनीने न मागताच त्या नंबरावर गाण्याची सेवा सुरू केली. फोन करणाऱ्याला घंटीऐवजी गाणे ऐकू येई. ताईला वाटे, रेडिओच लागला, आणि ती फोन ठेवून देई. दोन दिवस बहिणींचे बोलणे नाही! मावशी तडक कंपनीत गेल्या, सेवा बंद करायचा अर्ज दिला आणि शिक्क्याची प्रत आणून माझ्यात ओवली.

गाणे थांबले. पण दोन वर्षांनी कंपनीचे पत्र आले. गाण्याची थकबाकी भरा, नाहीतर शुक्रवारी नंबर बंद. आकडा एवढा, की महिनाभर मशीन चालवली तरी फिटला नसता.

"नवा नंबर घ्या आणि सुटा," सून म्हणाली.

"आणि तो ताईला पाठ कोण करून देणार? तू?"

शुक्रवारी दुपारी सुनेनेच मला खिळ्यावरून काढून मावशींच्या हाती दिले.

कंपनीच्या काचेच्या दाराशी रखवालदाराने अडवले. "आजी, हे टोकदार आहे. आत नेता येणार नाही."

"मग तू धर आणि चल माझ्याबरोबर. माझ्यावर नसला तरी स्वतःवर विश्वास आहे ना?"

तो बिचारा मला पेटत्या दिव्यासारखे सांभाळत आत घेऊन आला.

काउंटरवरच्या मुलीने कागद वर सरकवून अर्ज शोधला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, शिक्का आमचाच आहे. पण तारखेवरच भोक पडलंय. हा अर्ज गेल्या आठवड्यातला नाही कशावरून?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. ते भोक माझेच होते!

मावशी मात्र शांत होत्या. "याच्या खालचा कागद वाच बघू."

"विजेचं बिल. दोन वर्षांपूर्वीचं. तीन तारीख."

"आता वरचा."

"कात्रीला धार लावल्याची पावती. त्याच महिन्यातली, सात तारीख."

"मग हा मधे आला कधी? नंतर घुसवायचा तर वरचे सगळे उतरवायला हवेत. भोकं बघ. एक तरी सैल झालंय? आणि तिन्ही भोकांभोवतीचा गंज बघ."

मुलीने बघितले. तिन्हींवर तांबडे कडे सारखेच होते. ज्या गंजाची मला लाज वाटे, तोच साक्षीला उभा राहिला. मुलगी आत साहेबांकडे गेली.

तेवढ्यात चार वाजले आणि पिशवीतला फोन वाजला. मावशींनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"काय गं, शाळेतून आलीस का?"

"नाही गं ताई. आज बाईंनी थांबवून ठेवलंय."

"का? काय केलंस?"

परत आलेल्या मुलीने ते ऐकले. मग ती फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "काही नाही केलं हिनं! हिशेब बरोबर आला. सोडलं घरी!"

थकबाकी रद्द झाल्याचा शिक्क्याचा कागद मावशींनी तिथेच, रखवालदाराच्या हातातच, माझ्यात ओवला. नंबर राहिला.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. सून मला फडक्याने पुसते, गंज मात्र राहू देते. मित्रांनो, कामाचे कागद जपा आणि जुन्या वस्तू घाईने टाकू नका. आणि एक विनंती, अगदी हात जोडून: कागद टोचताना तेवढी तारीख चुकवा!