तिसऱ्या दगडाचं तोंड

मी खोटं काय बोलले ते आधी सांगा, मग खुशाल मला नावं ठेवा. आमच्या चर्चच्या मागच्या वळचणीखाली, छपराला टेकू दिलेल्या दगडांवर तोंडं कोरलेली आहेत. त्यातलं तिसरं नऊशे वर्षांपासून तसंच होतं. जबडा एका बाजूला सरकलेला, एक डोळा अर्धा मिटलेला, ओठाच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर. फ्रोइलान फार नंतर जन्माला आला आणि लहानपणी त्याला खेचराने लाथ घातली. आता ती लाथ नेमकी अशी बसावी की दगड आणि माणूस जुळे भाऊ दिसावेत, ह्यात माझा काय गुन्हा?

माझ्या हॉटेलला लोक 'मोहक' म्हणतात. बापाच्या वेळी तिथे गाई बांधायचे. मी गव्हाणी तशाच ठेवल्या, वर पितळी दिवे लावले, तर माद्रिदची माणसं गव्हाणीला टेकून फोटो काढायला लागली. जुनी रोमनेस्क चर्चं बघत हिंडणारी ही जात मला चांगली ठाऊक आहे. दिवसभरात इतकी बघतात की संध्याकाळी सगळ्यांचा काला होतो. लक्षात राहील असं काहीतरी त्यांना द्यावं लागतं. म्हणून नाश्त्याला कॉफी ओतताना मी सांगायचे, "मागचा तिसरा दगड नीट बघून या. मग किल्ली मागायला पिवळ्या दाराशी जा."

किल्ली फ्रोइलानकडे असायची. आमच्याकडे चर्चची किल्ली गावातल्याच एका घरी असते. पाहुण्याने दार ठोठावायचं आणि त्या माणसाने हातातलं काम टाकून उघडायला यायचं. पाद्री पंधरवड्याने एकदा येणार, एरवी चर्च फ्रोइलानचंच. त्याने दार उघडलं की पाहुणे आधी त्याच्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे, आणि परत येऊन माझ्या टेबलाशी पोट धरून हसायचे. काहीजण त्याला दगडाखाली उभं करून फोटो काढायचे. तो उभा राहायचा. संध्याकाळी मी त्याला ओरुखोचा पेला पाजायचे, फुकट. गावात दुसरं कोण त्याला दारू पाजत होतं?

वसंतात एकदा तो माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आला. अंगात धुतलेला शर्ट, हातात टोपी. आम्ही शाळेत एका बाकावरचे, त्यामुळे बाईबिई काही नाही.

"बसी, रविवारी लेक येतेय, नोएलिया. होणारा नवरा आणि त्याचे आईबाप घेऊन. बिल्बाओची माणसं आहेत, त्यांना चर्च बघायचंय. जेवायला तुझ्याकडे आणतो."

"आण की. तुझं थोबाड त्यांना आधी दाखवलंय का? नाहीतर पोरगं पळून जायचं."

"खेचराचं सांगितलंय तिने." त्याने टोपी हातात फिरवली. "बसी, तेवढा एक दिवस ते दगडाचं काढू नकोस. अख्ख्या गावात ती एकटीच, जी मला कधी हसली नाही. शाळेत पोरांना चावायची माझ्यापायी. तिच्या देखत नको."

"बरं बाबा, कुलूप तोंडाला," मी म्हणाले. म्हणताना तसंच मनात होतं.

रविवारी ते आले. नवरा मुलगा उनाई, साधा होता. त्याचा बाप गप्प, आई मात्र गळ्यात मोती घालून खुर्ची पुसून बसणारी. फ्रोइलान सूप पिताना ओठाच्या कोपऱ्याशी रुमाल धरून होता, गळू नये म्हणून. मी कोकराचं भाजलेलं मटण आणून ठेवलं तेव्हा ती बाई म्हणाली, "अशी चर्चं इथे गावोगाव आहेत म्हणे. तुमच्यात विशेष काय?"

आता माझ्या गावच्या चर्चला कोणी असं विचारावं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

"विशेष तुमच्या शेजारीच बसलंय," मी म्हणाले. "मागचा तिसरा दगड बघून या. तुमचे व्याहीच कोरलेत तिथे."

मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. उनाईच्या बापाने सुरी खाली ठेवली आणि खो खो हसला. बाईने रुमाल तोंडाला लावला. उनाई ताटात बघत होता, पण खांदे हलत होते.

नोएलिया नाही हसली. ती उभी राहिली. "बसिलिसाकाकू, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"लाज विकूनच हॉटेल उभं केलं गं. बस, मटण गार होतंय."

"बाबा, ऊठ. आपण जाऊ."

"बस, बाळा," फ्रोइलान म्हणाला. "जेवण होऊ दे. पाहुणे आहेत."

सोमवारी सकाळी तिसऱ्या दगडाचं तोंड खाली गवतात पडलेलं, घणाने ठेचून चुरा केलेलं. चिखलात शिडी ओढल्याच्या खुणा थेट पिवळ्या दारापर्यंत. मी तडक तिथे गेले.

"फोडलास?"

"फोडला."

"नऊशे वर्षांचा दगड होता, मूर्खा. पोलिसांना कळलं तर किल्ली जाईल ती जाईलच, लेकीच्या लग्नाला बाप तुरुंगात बसेल."

त्याने हात विजारीला पुसले. मग म्हणाला, "मग काय करू?"

"लेस्मेस पाथरवटाकडून नवा करून घेऊ. मी देते त्याचे पैसे. वरून कोणी बघायला येण्याआधी बसवून टाकू. तू फक्त मी सांगते ते करायचं."

फोटो शेकड्यांनी होते, पण लेस्मेसने मान हलवली. "सगळे खालून काढलेत. नाक बाजूने कसं, जीभ किती बाहेर, हे मला कसं कळणार? डोळ्यांपुढे तोंड पाहिजे."

तोंड गावात होतंच. फ्रोइलानला मी गव्हाणीशी खुर्चीवर बसवलं. जबडा सोडून, जीभ बाहेर काढून तो बसायचा आणि पाहुणे पाव खात बघायचे. लाळ हनुवटीवर यायची, पुसायची सोय नव्हती, कारण हललं की लेस्मेस खेकसायचा.

एकदा त्याने जीभ आत घेतली आणि हळूच म्हणाला, "लेस्मेस, जुन्याचं एवढं नव्हतं रे. जबडा जरा सरळ घे ना."

लेस्मेसने माझ्याकडे बघितलं.

"आहे तसाच घे," मी म्हणाले.

आणि खरंच, जुना दगड पावसाने झिजलेला होता. त्यात फ्रोइलान दिसायला डोळे किलकिले करावे लागत. ह्या नव्यात खुराचा व्रणसुद्धा आला. लेस्मेसच्या हातात कसब आहे, ते मान्य करायला हवं.

जूनमध्ये लग्न लागलं. घंटा झाली, तांदूळ उधळले, आणि फोटोवाल्याने सगळ्यांना चर्चच्या मागे नेलं, कारण दुपारचं ऊन तिथे चांगलं पडतं. नोएलिया त्या रविवारनंतर पहिल्यांदाच गावात आली होती. दगडाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. बापाच्या हातात हात घालून उभी राहिली आणि फोटोवाला म्हणाला म्हणून वर बघितलं.

मी तिच्याच तोंडाकडे बघत होते. तिने दगड बघितला, मग बाप बघितला, मग पुन्हा दगड. ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या फुगल्या, आणि ती फुटली. "बाबा, माफ कर," म्हणायची आणि हसायची, काजळ गालांवर ओघळलं तरी थांबेना. तिचं बघून उनाई, उनाईचं बघून सगळं वऱ्हाड.

फ्रोइलान तिच्याकडे बघत राहिला. "हस गं," म्हणाला. "आहेच तसं."

त्याने फोटो काढू दिले, जेवला, लेकीबरोबर नाचलासुद्धा. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"रुसलास होय रे?"

"नाही. आता तू उघडत जा, बसी. तो दगड वर आहेच, दोघं कशाला लागतात?"

पिवळं दार तेव्हापासून आतून बंद असतं. नोएलियाचा फोन तो उचलत नाही, मग ती मला करते. "काकू, बाबाला सांगा ना, मी मुद्दाम नाही हसले." मी दाराबाहेर ठेवलेलं ताट उचलायला जाते तेव्हा सांगते. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण हॉटेल भरलेलं असतं आणि चर्च कोणीतरी उघडायला हवंच.

जुने फोटो पाहिलेले पाहुणे हमखास विचारतात, "तो किल्लीवाला माणूस कुठाय?" मी कुलपात किल्ली फिरवते आणि त्यांना मागच्या बाजूला जाऊन वर बघायला सांगते.